खिडकीसमोरचा खोटा अशोक: तोडायचा, छाटायचा की राहू द्यायचा

पुण्यात पंधरा-वीस वर्षांपूर्वी झालेल्या बऱ्याच सोसायट्यांमधे कंपाऊंडच्या कडेने नाहीतर बिल्डिंगला अगदी लागून खोट्या अशोकाची रांग दिसतेच. उंच, सरळसोट, फांद्या खाली लोंबणाऱ्या, पानं लांबट चकचकीत आणि कडा नागमोडी. बिल्डर लोकांना हे झाड का आवडतं ते समजतं, रुंदीला फार जागा खात नाही, बारा महिने हिरवं असतं, जरा पाणी कमी पडलं तरी तग धरतं आणि गेटमधून आत आल्यावर दिसायला छान दिसतं. पण लावताना ते भिंतीपासून चार-पाच फुटांवर लावतात आणि बरोबर खिडकीच्या समोर लावतात कारण तेव्हा ते कमरेएवढं असतं. नंतर ते वाढतं, आणि मग खिडकीत झाडच झाड.

आमच्याकडे हेच झालं. आमचा फ्लॅट पार्किंगच्या वर पहिल्या मजल्यावर, आईची खोली दक्षिणेला, तिला एकच खिडकी आणि त्या खिडकीसमोर हा अशोक, आता चौथ्या मजल्याला लागलेला, म्हणजे चाळीस-बेचाळीस फूट सहज असेल. सकाळी अकरा वाजता त्या खोलीत ट्यूब लावावी लागते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला ट्यूबच्या उजेडात वाचायला नको वाटतं, पेपर घेऊन ती हॉलमधे येऊन बसते, आणि दुपारी हॉलमधे टीव्ही, मुलं, येणारे जाणारे, म्हणजे तिला तिच्या स्वतःच्या खोलीत तास दोन तास शांतपणे बसताच येत नाही. पावसाळ्यात ओल्या फांद्या जाळीवर आपटत राहतात, जाळी कायम ओली आणि शेवाळलेली. एकदा तर ग्रिलवर उंदीर होता, फांदीवरूनच आला असणार, दुसरा रस्ताच नाही तिथे यायला. तर काहीतरी करायला हवं होतं हे नक्की. काय करायचं, यावर मात्र जितकी माणसं तितकी मतं.

सोसायटीच्या मीटिंगला विषय काढला तर एक गट म्हणाला मुळापासून काढून टाका, त्या जागी दोन टू-व्हीलर लागतील. दुसरा गट म्हणाला अशोकाला हात लावायचा नाही, शुभ असतो. (शुभ मानतात तो सीतेचा अशोक, केशरी-लाल फुलांचे गुच्छ येणारा, ते झाड वेगळं, कुळही वेगळं. तरी या आमच्या झाडाची पानं दसऱ्याला तोरणात ओवायला सगळेच नेतात, त्या दोन दिवसात खालच्या फांद्या अर्ध्या रिकाम्या होतात, त्यामुळे लोकांना त्याच्याबद्दल माया आहे ती काही खोटी नाही.) आणि तिसरा गट, सगळ्यात मोठा, तो म्हणाला शेंडा उडवा, दुसऱ्या मजल्यापर्यंत ठेवा, प्रश्न मिटला.

मला हे पोस्ट लिहायचंय ते मुख्यतः या तिसऱ्या गटासाठी. शेंडा उडवल्याने प्रश्न मिटत नाही, प्रश्न बरोबर खिडकीसमोर आणून ठेवला जातो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये, आमच्याच बी विंगला बघा. तिथे काही वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराकडून सगळ्या अशोकांचे शेंडे दुसऱ्या मजल्याच्या उंचीला सपाट कापून घेतले. वर्षभर सगळे खूश होते. मग कापल्या जागेच्या आजूबाजूने कोंब फुटले, एकाच्या जागी चार-पाच, आणि ते सगळे वर जायच्या घाईत एकमेकांना खेटून वाढले. जे झाड खांबासारखं निमुळतं होतं त्याचं वरून झुडूप झालंय, घेर दुप्पट, आणि तो घेर नेमका पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांच्या पुढ्यात. शिवाय असे कापल्यावर फुटलेले कोंब मूळ फांदीसारखे खोडातून आतून आलेले नसतात, ते वरवरच्या लाकडातून निघतात, त्यामुळे त्यांची पकड कच्ची असते. वळवाच्या पावसात तिथल्या एका झाडाचा असा मनगटाएवढा जाड झालेला कोंब मुळातून सुटून खाली एका गाडीवर आला. वरचा काप सपाट असल्यामुळे त्यात पाणी साठतं, लाकूड आतून कुजायला लागतं. म्हणजे उजेडही नाही, सावलीही धड नाही आणि डोक्यावर धोका कायमचा. आणि दर दोन वर्षांनी परत माणसं बोलवा.

मुळापासून काढायचं का, याचा मी मनापासून विचार केला होता. आईची खोली महत्त्वाची आहे, झाड आहे म्हणून माणसाने अंधारात बसावं असं मला वाटत नाही. पण आधी खिडकीला नक्की काय हवंय ते बघू म्हटलं, आणि तिथेच बराचसा गुंता सुटला.

आमची खिडकी दक्षिणेची. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, आणि तिथून पुढे जुलैच्या शेवटापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं ऊन तसंही येत नाही, झाड असो नसो. डिसेंबरात मात्र दुपारी बाराला सूर्य दक्षिणेला जेमतेम ४८ अंशांवर असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतं, आणि तेच ऊन थंडीत म्हाताऱ्या माणसाला हवं असतं. आमचा अशोक सदाहरित, पानगळ नाही, म्हणजे जेव्हा ऊन हवं तेव्हा तो अडवतो आणि जेव्हा सावली हवी तेव्हा त्याचा या खिडकीला काही उपयोग नाही. पांगारा असता तर थंडीत त्याने पानं तरी टाकली असती.

हे कळल्यावर सावलीचा मुद्दा निकालात निघाला. निदान या खिडकीपुरता. पश्चिमेचं सगळं वेगळं आहे, ते खाली लिहिते.

मग मी कागदावर मापं मांडली. हे कोणीही करू शकतं, शाळेतला कंपास आणि टेप पुरते. झाड भिंतीपासून पाच फुटांवर आहे. ४८ अंशांनी येणारा किरण पाच फूट आडवा येईपर्यंत साडेपाच फूट खाली उतरतो. म्हणजे जो किरण खिडकीच्या कट्ट्यावर पडणार तो झाडाजवळून जाताना कट्ट्याच्या साडेपाच फूट वरून जात असतो. आमची खिडकी चार फूट उंच, तिच्यावर दोन फुटांचा छज्जा, छज्जा वरचं ऊन अडवतो, त्यामुळे आत येणारं ऊन खिडकीच्या खालच्या साधारण पावणेदोन फुटातूनच येतं. सगळं धरून हिशोब असा निघाला की कट्ट्यापासून वर साडेसात फूट एवढाच पट्टा मोकळा झाला तर खिडकीसमोरचं आकाश मोकळं होतं, वारा येतो, आणि डिसेंबरचं दुपारचं ऊनही आत येतं. साडेसात फूट, बेचाळीस फुटांच्या झाडातले. पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी. एका वेळी झाडाची पाव हिश्श्याहून जास्त पानं काढू नयेत असं झाडांच्या छाटणीत मानतात, त्यात हे आरामात बसतं.

आणि खोट्या अशोकाची ठेवणही याला सोयीची आहे. मधे एकच सरळ खोड आणि त्याला अंगठ्याएवढ्या, फार तर मनगटाएवढ्या फांद्या, सगळ्या खाली लोंबणाऱ्या. म्हणजे तेवढ्या पट्ट्यातल्या फांद्या काढल्या की खिडकीसमोर उरतं ते फक्त खोड, सहा-सात इंचांचं, ते काही उजेड अडवत नाही. खालचा भाग तसाच हिरवा, त्यामुळे पार्किंगचा आडोसा राहतो, वरचा भाग तसाच, शेंडा तसाच. आमच्या माळीदादांचं म्हणणं होतं की जमिनीपासून वरपर्यंत सगळंच साफ करू, नीटनेटकं दिसेल. पण तसं केलं तर निम्मं झाड उघडं पडतं, ते मला नको होतं. थोडं विचित्र दिसलं तरी चालेल, मधेच कंबर उघडी असल्यासारखं दिसतं खरं, महिन्याभरात नजरेला सवय होते.

खरी अडचण पुढे आली. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले आमच्याही खिडकीसमोर असाच पट्टा काढा. त्यांचं काही चुकीचं नाही, झाड सोसायटीचं, खिडकी त्यांचीही आहे. पण प्रत्येक मजल्याने साडेसात फूट मागितले तर झाडाला उरतं काय? पहिल्या आणि दुसऱ्याचे मिळून पस्तीस टक्क्यांच्या वर जातंय, तिसरे पण रांगेत आहेतच. यावर बरीच बोलाबोली झाली. शेवटी काकांची खिडकी मी स्वतः वर जाऊन बघितली, तर त्यांच्याकडे उंचीवर झाड बरंच निमुळतं आहे आणि खोलीला दुसरी खिडकी पूर्वेला आहे. त्यांना अंधाराचा त्रास नव्हताच, फांद्या जाळीला लागतात आणि पावसात आवाज होतो हा त्रास होता. त्याला पट्टा लागत नाही, भिंतीच्या बाजूच्या तेवढ्या फांद्या विरळ केल्या की पुरतं. तेही यंदा नाही, पुढच्या थंडीत, झाडाला एक पावसाळा मिळू दे मधे. काका ऐकले, हे त्यांचं मोठेपण, मी पोस्टमधे लिहितेय कारण ते वाचतील.

आता परवानगी. आपल्याच कंपाऊंडमधलं झाड आहे, फांद्याच तर काढायच्यात, त्याला कसली परवानगी असं बऱ्याच जणांना वाटतं. महाराष्ट्रात शहरांसाठी झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे, आणि त्यात झाड तोडणे याच्या व्याख्येतच झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं धरलेलं आहे. त्यामुळे छाटणीलाही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करायचा. झाड सामायिक जागेत असेल तर अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर जातो, एकट्या फ्लॅटवाल्याचा चालत नाही, म्हणून आधी मीटिंगमधे ठराव घ्या. झाड मुळापासून काढायचं असेल तर मामला फार मोठा होतो, वृक्ष अधिकारी जागेवर येऊन पाहणी करतात, पेपरमधे जाहिरात येते, झाडावर नोटीस लागते, लोकांच्या हरकती घेतात. आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर जेवढं झाडाचं वय तेवढी नवीन झाडं लावून जगवायची असं आलेलं आहे. टू-व्हीलर पार्किंगवाल्या गटाला हे सांगितल्यावर तो मुद्दा परत आला नाही. मला विचाराल तर हा नियम योग्य आहे, वीस वर्षांचं झाड पाच मिनिटात जातं, त्याच्या बदल्यात काहीतरी जबाबदारी यायलाच हवी.

कधी छाटायचं हा पण विचार करायला हवा होता. या झाडाला फेब्रुवारी-मार्चपासून बारीक हिरवट पिवळी चांदणीसारखी फुलं येतात, पानांच्या रंगातच मिसळून जातात, त्यामुळे निम्म्या लोकांना याला फुलं येतात हेच माहीत नसतं. मग झुबक्याने फळं, आधी हिरवी, पिकली की काळसर जांभळी. कोकिळा येतात त्यावर, रात्री वटवाघळं. सकाळी गाड्यांवर बिया पडलेल्या असतात, त्यावरून भांडणं होतात ते वेगळं. नवीन पालवी तांबूस येते आणि तिच्यावर टेल्ड जे नावाचं फुलपाखरू अंडी घालतं, काळ्या पंखांवर हिरवे ठिपके, एका जागी स्थिर म्हणून बसत नाही, फुलावर असतानाही पंख फडफडतच असतात. आमच्या मुलीने खिडकीतूनच त्याची अळी शोधली होती, पानावर पान असल्यासारखी हिरवीगार, जाळीपासून वीतभर लांब. झाड गेलं असतं तर हे सगळं गेलं असतं, आणि शहरात त्या फुलपाखराला हे झाड फार उपयोगाचं आहे कारण सीताफळ, रामफळ या त्याच कुळातल्या झाडांना आता सोसायट्यांमधे जागा कोण देतं. उन्हाळ्यात आत बुलबुलाचं घरटंही असतं. म्हणून मार्च ते पावसाळा या काळात हात लावायचा नाही असं ठरवलं, दिवाळी झाल्यावर पाऊस पूर्ण थांबला की करायचं. त्याआधी वर चढून एकदा घरटं नाही ना ते बघून घेतलं.

प्रत्यक्ष छाटणीच्या दिवशी मी खाली उभी होते, आणि तुम्हीही उभे राहा, हे अगदी आग्रहाने सांगते. माणसं कामाला चांगली होती पण हातात कोयता होता, आणि कोयत्याने फांदी सपासप निघते पण साल ओरबाडत खाली जाते. करवत आणायला लावली. पद्धत अशी की आधी फांदीच्या खालच्या बाजूने थोडा काप घ्यायचा, मग जरा पुढे वरून कापायचं, फांदी पडली की राहिलेला खुंट खोडाजवळ नीट कापायचा. खोडाजवळ म्हणजे खोडाला अगदी लावून नाही. फांदी जिथून निघते तिथे एक फुगीर कडं असतं, बोटाने चाचपलं की हाताला लागतं, त्या कड्याच्या लगेच बाहेर कापायचं. ते कडंच पुढे वाढत येऊन जखम बंद करतं. कडं कापलं तर जखम उघडी राहते, आणि वीतभर खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो. वर गेरू-चुना, ऑईलपेंट काही लावायचं नाही, झाड स्वतः भरून काढतं. पहिल्या दोन-तीन फांद्यांना वेळ लागला, नंतर वर चढलेल्या मुलाच्या हाताला ते कडं बरोबर लागायला लागलं, आणि तो स्वतःच खाली ओरडून सांगायचा की ताई हे बघा इथे आहे.

निघालेल्या फांद्या ट्रकमधे भरून पाठवल्या नाहीत. बारीक तोडून सोसायटीच्या कंपोस्टच्या खड्ड्यात घातल्या, पानं चिवट आहेत, कुजायला वेळ लागतोय, पण जागा आहे तर काय हरकत.

खोलीत आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत ट्यूब लागत नाही. डिसेंबरात साडेअकरा ते एकच्या दरम्यान ऊन कट्ट्यावर आणि पलंगाच्या पायथ्याशी येत होतं, हिशोबाप्रमाणेच. आई पेपर आता तिच्या खोलीतच वाचते. जाळी कोरडी असते. उंदराचं म्हणाल तर फांदी आणि ग्रिल यात आता चांगलं अंतर पडलंय, नंतर दिसला नाही. डास कमी झाले का असं खूप जण विचारतात, तर डास झाडात होत नाहीत, साठलेल्या पाण्यात होतात, दिवसा सावलीत फक्त बसतात. आमच्याकडे डास कमी झाले ते कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करायला लागल्यावर. उघड्या झालेल्या खोडावर बारीक कोंब यायला लागलेत, ते येणारच, कोवळे असतानाच नखाने खुडले की पुरे, खिडकीतून काठीने किंवा खालून शिडी लावून. दुर्लक्ष केलं तर दोन वर्षात परत तेच, हे मात्र खरं.

हे बघून सी विंगच्या लोकांनी विचारलंय की आमच्याही रांगेत असेच पट्टे काढून द्या, अर्जाचा मसुदा द्या. मसुदा दिलाय. पण त्यांना मी सांगितलंय की तुमच्या खिडक्या पश्चिमेच्या आहेत, तिथे हे करू नका. एप्रिल-मेमधे दुपारी तीननंतर तिरपं ऊन थेट त्यांच्या भिंतींवर आणि खिडक्यांवर येतं, अशोकांची रांग नसेल तर त्या खोल्या रात्री दहापर्यंत तापलेल्या राहतील, आणि एसी लावून ते भरून काढावं लागेल. तिथे जाळीला लागणाऱ्या फांद्या तेवढ्या मागे घ्या, हातभर अंतर ठेवा, बाकी रांग आहे तशी राहू द्या. तिघांना पटलंय, एकांना अजून नाही, त्यांच्या घरी मेच्या एखाद्या दुपारी थर्मामीटर घेऊन जायचं ठरलंय, झाडामागची खिडकी आणि झाड नसलेली कोपऱ्यातली खिडकी दोन्हीकडे बघू. तोपर्यंत सी विंगचा अर्ज पाठवायचा नाही असं सेक्रेटरींनीही मान्य केलंय.